वाफेचा चटका

[दृश्य: मोदकपात्राचं झाकण उचललं जातं.]

मोदक उकडले का, हे बघायला झाकण वर गेलं आणि वाफ थेट मनगटावर आली.

वरचा पांढरा लोट म्हणजे खरं तर थंड होऊ लागलेले पाण्याचे थेंब. अस्सल वाफ दिसत नाही, म्हणून हात तिच्यात सहज जातो. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून निवताना साधारण ६३ कॅलरी उष्णता देतं. तेवढ्याच वाफेचं आधी पाणी होतं, आणि नुसतं त्यातच ५४० कॅलरी कातडीत उतरतात.

[दृश्य: नळाखाली हात.]

बांगड्या, अंगठी लगेच काढा. बोट सुजलं की अंगठी कापावी लागते. मग हात साध्या वाहत्या पाण्याखाली, पूर्ण २० मिनिटं. इथेच गाडं अडतं. दोन मिनिटांत आग कमी वाटते, नैवेद्य व्हायचा असतो, पाहुणे दारात असतात. गॅस बंद करा आणि उभ्या राहा. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्यानं ओतत राहा. उशीर झाला तरी ३ तासांपर्यंत याचा उपयोग होतो.

एव्हाना घरात सल्लागार जमतात. "बर्फ लाव गं!" "टूथपेस्ट कुठेय?" मागच्या पिढीत तर दौतीतली शाईसुद्धा लावायचे. बर्फानं त्या जागेचा रक्तपुरवठा आटतो. तूप, टूथपेस्टचा थर उष्णता बाहेर पडू देत नाही. आणि हळदीच्या रंगाखाली जखम किती खोल आहे, हे डॉक्टरांना दिसत नाही.

[दृश्य: हातावर सैल कापड.]

नंतर स्वच्छ, सुती कापड सैल गुंडाळा. कापूस नको, तंतू चिकटतात. ठणका असेल तर पॅरासिटामॉल. फोड आला तर फोडू नका. खालच्या कोवळ्या कातडीला तेच झाकण आहे.

नुसती लाली असेल तर साधारण आठवड्यात जाते. भाजलेला भाग स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, बोटांच्या सांध्यांवर फोड असतील, मधुमेह असेल किंवा लहान मूल भाजलं असेल, तर मात्र दवाखाना गाठा. कातडी पांढरी पडली आणि दुखतच नसेल, तर खूश होऊ नका: तिथल्या नसाच भाजलेल्या असू शकतात. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही आठवून जा; डॉक्टर विचारतील.