भिंतीत एक फाटक

नमस्कार मंडळी. आज जरा आपल्या पुण्याच्या उपनगरांबद्दल बोलूया, बाणेर, बावधन, वारजे, उंड्री, वाघोली, तिकडं चालत किंवा सायकलवर कुठं जायचं म्हटलं की जी फरफट होते ना, तिच्याबद्दल.

पेठेतल्या माणसाला हे चटकन कळायचं नाही, कारण पेठेत बोळ आहेत, या आळीतून शिरलं की त्या रस्त्याला निघता येतं. उपनगरात काय झालं, शेताचे तुकडे एकेक करून विकले गेले, ज्याला जसा प्लॉट मिळाला तशी त्यानं सोसायटी बांधली, भोवती कंपाउंड, वर काटेरी तार. डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात आखलेला रस्ता, नकाशात छान सलग दिसतो, प्रत्यक्षात मध्येच कुणाची तरी जागा ताब्यात आलेली नसते आणि रस्ता थेट पत्र्याला जाऊन भिडतो. मग बाल्कनीतून शाळेचं मैदान दिसतंय, प्रार्थना ऐकू येतेय, पण जायचं तर मेन रोडला मोठा वळसा घालून. त्या मेन रोडवर डंपर. आई म्हणते नको रे बाबा सायकल, मीच सोडते तुला. झाली आणखी एक गाडी रस्त्यावर!

आता प्लॅन म्हणाल तर पुण्यात प्लॅनची कमी कधीच नव्हती. 2016 ला पादचारी धोरण आलं, 2017 ला सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशाही झाल्या. सातारा रोडला बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन केली त्या वेळचा सायकल ट्रॅक आहे, त्या पेव्हर ब्लॉकवरून एकदा सायकल चालवून बघाच, दात वाजतात.

फुटपाथचंही तसंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सांगतो की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि फुटपाथची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. आपल्याकडे दर सोसायटीच्या गेटला फुटपाथ तुटतो, गाडीला उतार मिळतो आणि काठी घेतलेले आजोबा चढउतार करत बसतात. खरं तर गेटसमोर फुटपाथ सलग ठेवावा, गाडीनं चढावं आणि उतरावं की, तिला कुठं गुडघे दुखतात!

आणि बावधनजवळचा, हायवेवरचा चांदणी चौक. ऑगस्ट 2023 मध्ये नवा पूल, नवे रॅम्प सुरू झाले, गाड्या सुटल्या, पण बसमधून उतरून पलीकडं चालत जाणाऱ्यानं हायवे कसा ओलांडायचा हा प्रश्न तसाच राहिला.

माझं म्हणणं असंय की मोठे ट्रॅक होतील तेव्हा होतील, आधी हे तुटलेले छोटे दुवे जोडा. दोन सोसायट्यांच्या भिंतीत एक फाटक, ओढ्यावर पायी जाण्यापुरता साकव, अडलेल्या रस्त्याच्या कडेनं निदान पायवाट. जागामालकाशी तेवढ्यापुरतं बोलणं पूर्ण रस्त्याच्या भूसंपादनापेक्षा नक्कीच सोपं.

हां, सोसायटीच्या वार्षिक सभेत, एजीएममध्ये, फाटक म्हटलं की पहिला हात वर होतो तो चोराच्या भीतीनं. पहाटेपासून रात्रीपर्यंतच उघडं ठेवा, कॅमेरा लावा, हे सुटण्यासारखं आहे. खरी डोकेदुखी बाइकवाल्यांची, ते कुठूनही घुसतात, आणि त्यांना अडवायला आडवेतिडवे पाइप ठोकले की व्हीलचेअर अडकते, बाबागाडी अडकते, सायकल तर डोक्यावर घेऊनच जावी लागते. याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही, गर्दीच्या वेळी वॉचमन उभा करणं एवढंच सुचतं.

महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवतात, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. त्यात नुसतं फुटपाथ सुधारा असं लिहू नका हो, कुणालाच काही कळत नाही. कुठल्या दोन सोसायट्यांची भिंत, पलीकडं शाळा आहे का बसस्टॉप, आत्ता किती वळसा पडतो, सगळं लिहा, मोबाइलवर फोटो काढून जोडा, आणि दोन्ही सोसायट्यांच्या चेअरमनची सही आधीच घेऊन ठेवा.