लग्नाला आदल्या दिवशी जा

मंडळी, आजचा विषय फलकावर लिहिलाय, 'उतारवय आणि आपला गोतावळा'. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी एक आग्रहाचं सांगणं आहे, आणि ते सांगता यावं म्हणूनच मी हे आमंत्रण लगेच घेतलं. नात्यातल्या लग्नाची पत्रिका आली की मुहूर्ताची वेळ नंतर बघा. आधी बघा, आदल्या दिवशी काय आहे. हळद असो, सीमांतपूजन असो, त्या संध्याकाळी कार्यालयात हजर व्हा. रात्री तिथल्याच गादीवर पाठ टेका. लग्न त्या रात्री भेटतं. दुसऱ्या दिवशी भेटते ती गर्दी.

आपण काय करतो? मुलगा म्हणतो, 'आई, रिसेप्शनला गाडीने नेतो आणि दोन तासांत परत आणतो.' आपण जातो. रांगेत उभे राहतो. कुणाचा तरी हात धरून स्टेजच्या पायऱ्या चढतो, फोटोवाला 'आजी, इकडे बघा' म्हणतो, आपण बघतो आणि उतरतो. मग ताट हातात घेऊन उभ्याने जेवण. सत्तरीच्या माणसाला उभ्याने जेवायला लावणं मला अजिबात पटत नाही, आणि मी ते प्रत्येक यजमानाला तोंडावर सांगते. शेजारी सख्खी मावसबहीण उभी असते. तिला विचारलं, 'गुडघा कसा आहे?' तर स्पीकरच्या आवाजात ती म्हणते, 'हो, गरम आहे, तूपही सोडलंय!' हसा, हसा. पण ती बहीण पुन्हा कधी भेटणार ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

बायकांना हे जास्त लागू आहे. आईवडील असेपर्यंत माहेरी जायला कारण लागत नाही. ते गेले की भाऊभावजया कितीही चांगल्या असल्या तरी आपण होऊन चार दिवस राहायला जाणं होत नाही. चुलत्यांकडे, आत्याकडे तर नाहीच. मग उरतं काय? लग्न. तेवढंच एक ठिकाण असं, जिथे आख्खं माहेर एका छपराखाली येतं आणि 'कशाला आलीस' असं कुणी विचारत नाही.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. मागे एका पुतण्याच्या मुलीचं लग्न कराडला होतं. मी हळदीलाच गेले. रात्री पोरं गच्चीवर नाचायला गेली आणि आम्ही चुलत भावंडं गाद्या ओढून बसलो. थोरली अक्का, बाळूदादा, मी, आणखी दोघंतिघं. बोलता बोलता भूकंप निघाला. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. इथे बसलेल्यांपैकी सातारकडच्यांना तारीख सांगायची गरज नाही. मी तेव्हा चौथीत होते. मला आठवतं ते एवढंच की अंधार होता, तोंडात माती होती आणि कुणीतरी मला दंडाला धरून फरफटत नेत होतं. कोण, ते माहीत नाही. आईला विचारायचं राहून गेलं, मग आई गेली.

त्या रात्री कळलं की प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे. बाळूदादाने आजीला पाठीवर घेतलं होतं, आणि आजी रागाने म्हणत होती, 'आधी गुरं सोड.' अक्काला आठवत होतं की धरण फुटलं अशी हाकाटी झाली आणि सगळं गाव थंडीत टेकाकडे पळालं. धरण फुटलं नव्हतं, त्याला तडे गेले होते. पण ते कळायला सकाळ उजाडली. आमचं घर मातीच्या भिंतींचं, बसलंच. पुढचे महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले. आणि मला ओढणारा हात? अक्का म्हणाली, 'अगं, धाकटी काकू! तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती दारातून परत आत शिरली तुझ्यासाठी.'

काकू आहे. वडूजला असते, ऐंशीच्या पुढची. लग्नाला आली नव्हती. रात्री अकराला आम्ही तिला फोन लावला. भाच्याने फोनवर चेहरा दाखवून दिला. मी विचारलं, 'काकू, तूच का गं ती?' ती म्हणाली, 'तू गोधडी सोडत नव्हतीस, म्हणून गोधडीसकट ओढली.' पन्नासहून जास्त वर्षं ही गोष्ट वडूजमध्ये होती आणि मी पुण्यात. मी विचारलं, आली का नाहीस? म्हणाली, गुडघे. त्या गुडघ्यांकडे मी परत येणार आहे.

जाण्याची अडचण सांगू नका. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी राज्यभर फुकट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर, अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धं. ओळखपत्र तेवढं पिशवीत ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये थांबली. ती परत मिळावी यासाठी आपल्यासारख्या संघांनी निवेदनं देत राहिलं पाहिजे. बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला आपली किती माणसं आहेत! तिकडे एसटीचं फुकट तिकीट चालत नाही.

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं? बरं. मग मूळ विषय भराभर घेते.

एप्रिल 2021 मध्ये नियम होता, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. तेव्हा ते गरजेचं होतं. पण त्यानंतर म्हाताऱ्यांना लग्न मोबाइलवर दाखवायची सवय घराघरांत राहून गेली. ती मोडायला हवी. यजमानांना स्पष्ट सांगा: तळमजल्यावर एक खोली, कमोड, बसून जेवायची एक पंगत आणि आदल्या संध्याकाळी एक तास स्पीकर बंद. यात खर्च नाही. आपण काय करायचं? जुने फोटो न्यायचे आणि मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्यायची, कारण ती चेहऱ्यावरून ओळखणारे आपणच शेवटचे. वाटणीचा, बांधाचा विषय काढायचा नाही. नातवंडांना पगार विचारायचा नाही.

आणि आता गुडघे. काकूला गुडघेदुखी आहे, खरं आहे. पण काका गेल्यापासून ती कुठल्याच हळदीला गेलेली नाही. गेली तर मागच्या खुर्चीवर बसायचं, हळद लावायला उठायचं नाही, ओटीच्या वेळी आत जायचं, हे तिला माहीत आहे. पडत्या घरात परत शिरलेली बाई, आणि नातीला हळद लावायला तिचा हात चालत नाही! शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव गावाचा असतो, हळद घरातली असते. म्हणून घरातल्या थोरल्या बाईने, म्हणजे आपणच, उठून त्या खुर्चीपर्यंत जायला हवं आणि पहिली हळद तिच्या हाताने लावून घ्यायला हवी. कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे. माझ्या भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. नवरीच्या आईशी मी बोलले आहे, ती तयार आहे. काकूला आणायला मी आणि बाळूदादा वडूजला जाणार आहोत, अर्थातच आदल्या दिवशी.

वंशावळीचे कोरे तक्ते मी आणलेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांच्याकडे या मोसमात लग्न आहे त्यांनी आधी घ्या.