बालीच्या गावाकडे एक दिवस : तळ्यापासून ताटापर्यंत

[दृश्य : भातखाचरांमधल्या पाटाच्या काठावर उभं राहून]

नमस्कार मंडळी! माझ्या पायाशी पाटात आडवा टाकलेला हा ओंडका आधी नीट बघा. त्याला दोन खाचा आहेत. एक साधारण चार बोटं रुंद, दुसरी आठ बोटं. तळ मात्र दोन्हींचा एकाच पातळीत. पाटाचं पाणी इथं येतं आणि या दोन खाचांतून दोन वाटांनी पुढं जातं. पावसाळ्यात पाट दुथडी भरला तरी आठ बोटांच्या वाटेला दुप्पट पाणी, आणि धार करंगळीएवढी झाली तरी हिशेब तोच. भरपूर असेल तर सगळ्यांना भरपूर, कमी असेल तर सगळ्यांना कमी. या वाटणीच्या जागेला इथं तेम्बुकू म्हणतात.

बाली म्हटलं की हिरव्यागार पायऱ्यांची शेती डोळ्यांपुढं येते. ती सुंदर आहेच. पण त्या पायऱ्या ज्या पाण्यावर उभ्या आहेत, ते पाणी बघितल्याशिवाय परत जाऊ नका, एवढंच मला आज सांगायचंय. एका दिवसात होतं. मी सांगतो तसं चला.

[दृश्य : किंतामानी, सकाळ]

बालीतल्या उबुद गावाहून पहाटे सहाला निघा. दिवसभरासाठी गाडी आणि चालक ठरवून घ्या, वाटेत हवं तिथं थांबता येतं. तासाभरात तुम्ही किंतामानीला पोचता. अंगात काहीतरी जाड असू द्या, सकाळी चांगलाच गारठा असतो. समोर बातूर ज्वालामुखी, उंची १,७१७ मीटर, आणि त्याच्या कुशीत बातूर सरोवर, बालीतलं सगळ्यात मोठं तळं.

या तळ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. मग खालच्या गावांना पाणी कुठून येतं? बालीतले शेतकरी सांगतात, तळ्याचं पाणी डोंगराच्या पोटात मुरतं आणि खाली झरे होऊन फुटतं. म्हणून खालच्या पाण्याची मालकीण ही तळ्याची देवी, देवी दानू. तिचं देऊळ, पुरा उलुन दानू बातूर, इथं वर कड्यावर आहे. पूर्वी ते खाली तळ्याजवळ होतं. १९२६ च्या उद्रेकात लाव्हानं ते आणि आजूबाजूचं गाव गिळलं, तेव्हा लोकांनी देवीला वर आणलं. आजही लांबलांबचे शेतकरी उत्सवाला आपल्या पिकातला वाटा घेऊन इथं येतात. पाणी तिचं, म्हणून पहिला मान तिचा.

[दृश्य : तिर्ता एम्पुल]

आता उतरायला लागा. ताम्पाकसिरिंगला तिर्ता एम्पुल आहे. तिर्ता म्हणजे आपलं तीर्थच. या देवळाची स्थापना इसवी सन ९६२ ची. बहुतेक जण थेट स्नानाच्या कुंडाकडं धावतात. तुम्ही आधी आतल्या अंगणात जा आणि मूळ कुंडात वाकून बघा. तळाशी काळी वाळू आहे, आणि ती एकसारखी हलतेय. पातेल्यात भात रटरटावा तशी, इथं एक फुगा, तिथं एक फुगा. जमिनीतून पाणी वर येताना दिसतं. मी तिथं अर्धा तास उभा होतो, पाय निघत नव्हता.

लुंगीसारखं सारोंग आणि कमरेला पट्टा बांधूनच आत जायचं, ते तिथंच मिळतं. पाळीच्या दिवसांत प्रवेश नसतो, तशी पाटी दारात असते. धारांखाली स्नान करणार असाल तर पूजा म्हणूनच करा. ओळीतल्या दोन धारा मृतांच्या विधीसाठी आहेत, त्या सोडून पुढं जायचं. आणि कुणी हात जोडून उभं असताना तोंडासमोर कॅमेरा धरू नका. पूजा झाली की तीर्थ शिंपडतात आणि ओले तांदूळ कपाळाला लावतात, त्याला बिजा म्हणतात. आपल्या अक्षताच! बघून मला भरून आलं.

जवळच गुनुंग कावी. अडीचशेहून जास्त पायऱ्या उतरून पाकेरिसान नदीकाठी जायचं, दोन्ही हातांना भातखाचरं. खाली अकराव्या शतकात खडकात कोरलेली दहा स्मारकं, एकेक साधारण सात मीटर उंच. लेणी बघत वाढलेल्या मराठी माणसाला इथं परकं वाटत नाही.

[दृश्य : पुन्हा पाटाच्या काठावर]

आता मुख्य गोष्ट. एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून एक सुबाक होतो. त्याचा प्रमुख पेकासेह. पाणी कधी, कुणाला, पेरणी कधी, शेतं रिकामी कधी ठेवायची, हे सगळे बसून ठरवतात, आणि वेळापत्रक देवळांच्या विधींशी बांधलेलं असतं. २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबाकला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

हे वेळापत्रक एकदा मोडलं होतं. १९७० च्या दशकात सरकारनं नवी बियाणी आणली आणि जमेल तितक्या वेळा पीक घ्या म्हणून सांगितलं. जो तो आपल्या सोयीनं पेरू लागला. म्हणजे कुठलं ना कुठलं शेत कायम हिरवं. उंदरांना आणि तपकिरी तुडतुड्यांना वर्षभर जेवण! पिकंच्या पिकं बसली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं पुढं संगणकाच्या मदतीनं दाखवून दिलं, की देवळांच्या वेळापत्रकात एका पट्ट्यातली सगळी शेतं एकदम रिकामी राहतात, किडीची उपासमार होते, आणि पाण्याची वाटणीही नीट बसते. शेतकरी तोवर आपल्या जुन्या पद्धतीकडं वळायला लागलेही होते.

आपल्याकडं धुळे, नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. बंधारा, पाट, पाणी सोडणारा पाटकरी, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. ती किती जणांना माहीत आहे? बालीत मला तिचीच आठवण येत होती.

[दृश्य : वारुंग, म्हणजे छोटी खानावळ]

भूक लागली असेल. शेताकडेच्या वारुंगमध्ये जाऊन बसा आणि नासी चांपुर मागवा. मध्ये भात, भोवती थोडंथोडं सगळं. उराब म्हणजे उकडलेली भाजी, मसाला आणि खवलेलं खोबरं. गवती चहाच्या काडीला वाटलेली मासळी किंवा मांस थापून भाजलेलं साते लिलित. आणि साम्बाल माताह : कच्चा कांदा, गवती चहा, मिरची, वर खोबरेल तेल. याला पर्याय नाही! शाकाहारी असाल तर आधी ‘तेरासी’ आहे का विचारा, ती कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि बऱ्याच मसाल्यांत घालतात. वाढणाऱ्या बाईंना ‘इबू’ म्हणा, आणि जेवण झाल्यावर ‘सुक्समा’, म्हणजे धन्यवाद.

गोडाला लाकलाक. आप्पेपात्रासारख्या मातीच्या भांड्यात तांदळाच्या पिठाचे आप्पे, वर ओलं खोबरं आणि माडाच्या गुळाचा पाक. क्लेपोन, म्हणजे गूळ भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, मिळाले तर तेही घ्या. दाताखाली फुटले की आतला गूळ वाहतो. डोळे मिटून खाल्लात तर उकडीचा मोदकच आठवेल.

[दृश्य : वारुंगच्या मागच्या बाजूला, जवळून]

आणि हे बघा. सकाळी स्वयंपाक झाला की घरातलं कुणी जेवायच्या आधी केळीच्या पानाच्या छोट्या तुकड्यांवर चिमूटभर भात ठेवतात. एक चुलीपाशी, एक दारात. आपल्या चित्राहुतीसारखंच. आणि हा इथला, पाण्याच्या माठाजवळचा, त्यावर आता मुंग्या आल्यात.