हँडहेल्डवर आरपीजी घेताय? आधी अक्षर बघा!

नमस्कार मंडळी, सोलापुरातून बोलतोय. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय: "दादा, हँडहेल्डवरचा आरपीजी चांगला की वाईट, हे तू ठरवतोस कसं?" आज तेवढंच बोलू. नवख्यांसाठी: हँडहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायचं गेमयंत्र, आणि आरपीजी म्हणजे एखादं पात्र घेऊन कथेतून पुढं जायचा गेम.

कथा, लढाई, लेव्हल वाढवायची मजा, हे बघायचंच. ते सगळेच सांगतात, मी त्यात वेळ घालवत नाही. मी सगळ्यात आधी अक्षर बघतो. हो, स्क्रीनवरचं अक्षर.

आरपीजी म्हणजे अर्धं वाचनच असतं. गावकऱ्यांशी बोला, पत्रं वाचा, मेनूत शिरा. आता मागच्या महिन्यात मी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालो होतो. खिडकीतून ऊन, डबा हलतोय, हातात नवा गेम. दोन तलवारींतली एक निवडायची. एकीचा आकडा २४७, दुसरीचा २४१. शेवटी सात आहे की एक, तेच कळेना. शेजारच्या काकांनी आपला वाचायचा चष्मा लावून बघितलं, त्यांनाही लागेना. कुर्डुवाडी आली तरी मी त्याच मेनूत. असा गेम टीव्हीवर कितीही छान असू दे, हातात घेऊन खेळायला माझ्या लेखी नापास.

आणि इथंच मला राग येतो. गेमचे रिव्ह्यू करणारे काही जण यंत्र टीव्हीला जोडून साठ तास खेळतात आणि "हँडहेल्डवरही मस्त" असं एका वाक्यात उरकतात. अहो, हातात घेऊन दहा मिनिटं तरी खेळा की!

छोट्या स्क्रीनवर हे जमतच नाही असं नाही. १९९६ चा गेम बॉयवरचा पोकेमॉन घ्या. अख्खी स्क्रीन १६०×१४४ ठिपक्यांची. म्हणून संवादाच्या चौकटीत एका वेळी दोनच ओळी, पण अक्षर ठसठशीत. बनवणाऱ्यांनी त्याच स्क्रीनचा विचार करून लिहिलं होतं. स्टीम डेक या हँडहेल्डवर गेम नीट चालतो का, याच्या तपासणीतही हा मुद्दा आहे: १२८०×८०० ठिपक्यांच्या, म्हणजे पिक्सेलच्या, स्क्रीनवर सगळ्यात बारीक अक्षरही ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं नको. म्हणजे हे माझं एकट्याचं खूळ नाही.

एकानं लिहिलंय, "अक्षराचं काय घेऊन बसलास, ग्राफिक्स सांग." सांगतो. विचर ३ हा आरपीजी ऑक्टोबर २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर आला तेव्हा हातात धरून तो साधारण ५४० पीपर्यंतच, म्हणजे उभ्या ५४० ठिपक्यांपर्यंतच जायचा. झाडं धूसर दिसायची. धूसर झाडाला मी माफ करतो, कारण झाड वाचावं लागत नाही!

दुसरं, सेव्ह. लढाई सोडून कुठंही सेव्ह होतं का, की ठरलेल्या जागेपर्यंत चालत जावं लागतं? स्लीपवर टाकलं म्हणजे सेव्ह झालं असं समजू नका. बॅटरी पूर्ण उतरली की न सेव्ह केलेलं सगळं गेलं. बसस्टँडवर गाडी लागली की लगेच उठता आलं पाहिजे, हा माझा हिशोब.

मग पैसे घालायच्या आधी बघायचं कसं? डेमो, म्हणजे फुकट खेळून बघायला दिलेला गेमचा तुकडा. ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर या आरपीजीचा डेमो तीन तासांचा आहे आणि तिथलं सेव्ह पुढं पूर्ण गेममध्ये चालतं. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. दोन तासांत आरपीजीची कथा कळत नाही, कित्येकदा तोवर शिकवणीच चालू असते. पण अक्षर दहा मिनिटांत कळतं. गेम चालू केला की पहिल्यांदा सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवता येतो का बघा, मग सामानाचा मेनू उघडा. संवाद नव्हे, मेनू! संवादाचं अक्षर बऱ्याचदा बरं असतं, खरी गोची सामानाच्या यादीत असते. नेहमी धरता तेवढ्या अंतरावर धरा आणि सगळ्यात बारीक ओळ मोठ्यानं वाचा. एकदा घरात, एकदा दुपारी गॅलरीत.

पुढच्या वेळी कुठला गेम तपासू ते खाली लिहा, पण कन्सोलही लिहा. स्विच लाइट या छोट्या स्विचची स्क्रीन ५.५ इंचांची, स्विच ओएलईडी या मॉडेलची ७. लाइटवाल्यांचे गेम मी आधी घेणार आहे, त्यांचेच डोळे जास्त शिणतात.