तामणाची तिसरी पानगळ

[दृश्य: शहापूर, बेळगाव. जानेवारीची सकाळ. घरासमोर पानं गळालेलं झाड.]

हे आमच्या दारातलं तामण. महाराष्ट्राचं राज्यफूल याचंच. गल्लीतली कन्नड मंडळी याला होळे दासवाळ म्हणतात, म्हणजे नदीकाठची जास्वंद.

फांद्या तारांना घासायच्या, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आम्हीच छाटणीला माणूस लावला. संध्याकाळी घरी आलो तर झाडाला शेंडाच नव्हता. मांडीएवढ्या फांद्या मधूनच तोडलेल्या. उरले होते नुसते खुंट.

पाऊस लागला आणि प्रत्येक खुंटाला केरसुणीसारखे फुटवे आले. सालीखाली झोपलेले डोळे असे एकदम जागे होतात. पण त्यांचा सांधा कच्चा. जुनी फांदी लाकडात खोलवर रुतलेली असते. हा फुटवा वरच्या थराला धरून असतो, जोराच्या वाऱ्यात बुडातून सुटतो.

शेजारच्या आज्जी म्हणाल्या, "काढून टाक की रे ते सगळं!" मलाही तसंच वाटत होतं. पण ही पालवी झाडानं साठवणीतलं अन्न मोडून उभी केलेली. तीही कापली तर त्यानं जगायचं कशावर? पहिल्या पानगळीत करवत काढलीच नाही. बुडाशी पाचोळा, उन्हाळ्यात पाणी, बस्स.

[दृश्य: एक खुंट, अगदी जवळून.]

दुसऱ्या पानगळीत निवड केली. या एका खुंटावर पंधरा-वीस फुटवे होते. जाड, एकमेकांपासून लांब आणि तारांकडे पाठ करून वाढलेले तीन राखले. बाकीच्यांतले काही बुडातून काढले, काही निम्म्यावर आणले, म्हणजे पानं राहतात पण चढाओढ थांबते. काहींना मुद्दाम हात लावला नाही. खुंटाचं वाळलेलं टोक राखलेल्या फुटव्याच्या वर कापलं, त्याच्या बुडाचा फुगवटा सांभाळून. जखमेला डांबर नाही, रंग नाही. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड आत भिंत घालून कूज कोंडतं. अमेरिकेचे वृक्षतज्ज्ञ अलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं. डांबराखाली मात्र ओल धरून राहते.

गेल्या मे महिन्यात एक जांभळा तुरा आला. एकच! तामण नव्या फांदीच्या टोकाला फुलतं, आणि ही फांदी राखलेल्या तिघांतलीच. घरातली सगळी बाहेर येऊन बघत उभी राहिली.

[दृश्य: रस्त्याकडची बाजू.]

इकडचे दोन खुंट अजून तसेच आहेत. त्यांचे फुटवे जेमतेम अंगठ्याएवढे. त्यांची पाळी पुढच्या माघात.