सव्वा मूठ

(दृश्य : सूप, गहू, म्हाताऱ्या हाताची मूठ)

श्रावण. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू मापानं घेत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावची सव्वा मूठ सुपात टाकायची. झालेले रोट भाऊबंदांतच संपवायचे, परक्याला त्यातला तुकडा नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या या घरात यंदा एक मूठ वाढली आहे.

(दृश्य : पाटीवर लिहिणारा मुलाचा हात)

ती मूठ या हाताची. सहा वर्षांचा असताना हा मुलगा संस्थेतून या घरी दत्तक आला. तुम्हाला त्याचे हात दिसतील, पाय दिसतील, चेहरा दिसणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्यानं मनाई आहे. आता आमची पंचाईत बघा. फिल्म एका नावाबद्दल आहे आणि ते नाव आम्हाला घेता येत नाही. जुनंही नाही, नवंही नाही.

(दृश्य : पारोळ्याचा किल्ला, खंदक, पडके बुरूज)

म्हणून ज्याचं नाव घेता येतं, अशा मुलाकडे आधी जाऊ. हा पारोळ्याचा भुईकोट. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. झाशीचे नेवाळकर याच घराण्यातले. राजे गंगाधररावांचा मुलगा दामोदर अवघ्या काही महिन्यांचा होऊन गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी भाऊबंदांतल्या वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा दत्तक घेतला. दुसऱ्या दिवशी राजे गेले. त्या मुलाचं नाव होतं आनंदराव. दत्तविधान झालं आणि त्याचा दामोदरराव झाला. गेलेल्या मुलाचं नाव जिवंत मुलाला. मांडीवर घेणारी आईसुद्धा माहेरची मणिकर्णिका, लग्नानंतर लक्ष्मीबाई. तिला त्यात वावगं काय वाटणार? आपल्याकडे अजूनही ताटातल्या तांदळात अंगठीनं नव्या सुनेचं नाव लिहितातच.

इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला, राज्य गेलं, दामोदररावांचं पुढचं आयुष्य इंदुरात गेलं. आनंदराव हे नाव कुणी पुन्हा हाक मारून घेतलं का?

(दृश्य : फायलींचे गठ्ठे, शिक्का, सही)

आजचं दत्तविधान कागदावर होतं. ‘कॅरिंग्ज’ या सरकारी दत्तक पोर्टलवर नोंदणी, समाजसेवकाची गृहभेट, मग लांबलचक वाट पाहणं. १ सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यावरून नवा जन्मदाखला निघतो, त्यावर आईबाप म्हणून दत्तक आईवडिलांची नावं. मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घ्यावी, असं कायदा म्हणतो. ती दत्तक जाण्याबद्दलची. नावाचं घरी ठरतं.

आपल्याकडे नावामागे वडिलांचं नाव आणि आडनाव येतंच. तेव्हा तीन शब्दांतले दोन बदलणार, त्याला इलाज नाही. आमचं म्हणणं उरलेल्या एका शब्दापुरतं आहे. तान्ह्या बाळाला बारशात ठेवाल ते नाव त्याचं. सहा वर्षांचं मूल मात्र एका नावाला ‘ओ’ देत वाढलेलं असतं.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा, चपलांची रांग)

या घरात वडिलांनी आपल्या आजोबांचं नाव ठेवलं. हौसेनं, गावभर पेढे वाटून. शाळेत मात्र पहिले काही आठवडे मुलाची गैरहजेरी लागत होती, वर्गात बसून. रात्री अंथरूण ओलं व्हायचं, असं आई सांगते. आता थांबलंय.

(दृश्य : ओटा. शेजारची म्हातारी. मुलाची पाठ)

“तुनं नाव काय शे रे भाऊ?”

(आठ सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : पुन्हा सूप)

अठरा पूर्ण झाल्यावर आपलं मूळ शोधायची मुभा दत्तक मुलांना आहे. याला त्यासाठी अजून दहाएक वर्षं आहेत, या घरातला हा दुसरा श्रावण आहे फक्त. गेल्या वर्षी कानबाईच्या वेळी कागद व्हायचे होते, म्हणून त्याच्या नावची मूठ घेतली नव्हती.

आजी गहू घेते आहे. सासऱ्याच्या मानाची मूठ झाली, मुलाची झाली, धाकट्याची झाली. आता नातवाची.

(आवाज बंद. फक्त हात.)

इथला आवाज आम्ही कापला आहे. या एका मुठीला आजीनं दोन नावं घेतली.