साताऱ्यातून दिसणारा समुद्र

(दृश्य: पहाटे अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं सातारा शहर)

इथून चारी बाजूंना डोंगरच दिसतात. समुद्राचा मागमूस नाही. पण कोकणातल्या मराठी आरमाराचा धनी एके काळी याच गावात राहत होता. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथं झाला. १७१३-१४ मध्ये कान्होजी आंग्रे त्यांना येऊन मिळाले आणि आंग्र्यांची सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, साताऱ्याच्या गादीखाली आली.

(दृश्य: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सातारा)

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं इथं आली. ती पाहायला गावोगावहून माणसं आली होती. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्यातून ती त्या संग्रहालयात गेली होती. पण साताऱ्याचं समुद्राशी असलेलं नातं बघायचं, तर काचेच्या कपाटांपुढून बाहेर पडायला हवं. चला, जावळीत उतरू.

(दृश्य: प्रतापगडाच्या पायथ्याचं पार गाव, कोयनेवरचा दगडी पूल)

हा पूल शिवकाळातला. खांबांकडे नीट बघा. ज्या बाजूने पाणी येतं, तिकडे दगड घडवून टोक काढलंय. पावसाळ्यातला लोंढा त्या टोकावर आपटतो, दुभंगतो आणि खांबाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. साडेतीनशे वर्षं कोयना असा धडका देतेय आणि पूल उभा आहे.

याच वाटेने पार घाट उतरून माल सावित्रीच्या खाडीकडे, महाडला जायचा. देशावरचं धान्य आणि गूळ खाली, कोकणचं मीठ, नारळ, सुकी मासळी वर. बैलांच्या पाठीवर गोण्या आणि वाटेत जकातीची चौकी. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा एक अवघड मुलूख हाती आलाच, शिवाय समुद्राकडे उतरणाऱ्या या वाटाही आल्या. पुढच्याच वर्षी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि गलबतं बांधायला सुरुवात झाली.

आणि ते मीठ? पोर्तुगिजांच्या बारदेशातलं, म्हणजे गोव्याकडचं, मीठ स्वस्त पडू लागलं, व्यापारी तिकडे वळू लागले. तेव्हा १६७१ साली महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं, म्हणजे संगमेश्वराकडचं मीठ पडून राहणार नाही. राजा मिठाच्या भावात लक्ष घालतो, कारण त्या मिठावर आपल्याच माणसांचं पोट आहे. मला हे पत्र कुठल्याही तलवारीइतकंच मोलाचं वाटतं.

(दृश्य: वाईजवळचं मेणवली. कृष्णेचा चंद्रकोरीसारखा घाट)

नाना फडणीसांच्या वाड्यामागच्या पायऱ्या उतरलं की कृष्णा. मेणेश्वराच्या देवळाजवळ, छोट्या घुमटीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती मूळची देवळातली नाही, चर्चमधली आहे.

वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं. त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, जवळ नसेल तर व्यापारी गलबत पकडलं जायचं. आपल्याच समुद्रात आपल्या व्यापाऱ्याला परवानगी मागावी लागत होती. १७३९ च्या मे महिन्यात, किती तरी माणसं खर्ची पडल्यावर, चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तिथल्या घंटा मग ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक. आणि एक इथं, कृष्णाकाठी.

(दृश्य: घंटेचा जवळून घेतलेला भाग)

घंटेवर साल आहे १७०७. अंगावर हात फिरवला की बोटांना उठावातली आकृती लागते: मेरी आणि तिच्याजवळ बाळ येशू. जिंकून आणलेल्या घंटेवरची ही आकृती कुणी घासून काढली नाही.

(घाटावरचा आवाज: धुणं आपटणं, पाणी)

आम्ही चित्रण करत होतो, तेव्हा एक पोरगं टाचा उंचावून बघत होतं.

"आज्जे, ही बाई कोन गं?"

"आई हाय. लेकरू न्हाई का दिसत तिच्यापाशी?"